मुंगीचे तीन अंपायर

रामटेके भाऊजींच्या घरात शिरताना पहिलं वाक्य कानावर यायचं ते, "वहिनी, पाय! पाय जपून!" या-बसा नंतर. इन्व्हर्टरचा पॉइंट दाराजवळ आणि कॉम्प्युटर पार समोरच्या कोपऱ्यात, खिडकीचं ऊन लागू नये म्हणून. मधे फरशीवरून काळी वायर. तिच्यावर पिवळी पट्टी चिकटवलेली, दोन्ही बाजूंना खडूच्या रेघा. तरीही भाऊजींचा जीव थाऱ्यावर नसे. येणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता ते पायाकडे बघत. कांचघर मोहल्ल्यात वीस वर्षं आमची भिंतीला भिंत होती. माझा चेहरा त्यांनी नीट पाहिला की नाही कोण जाणे, पण माझ्या चपला त्यांना पाठ होत्या.

एकदा मी मुद्दामच विचारलं, "समजा लागलाच पाय, तर काय आभाळ कोसळेल?"

"एकसष्टावा गेम चालून राहिला," ते म्हणाले. "साठ पाण्यात जातील ना, वहिनी."

खेळत मात्र कोणी नव्हतं. भाऊजी नुसते खुर्चीत बसून बघत होते. इकडून एक प्रोग्राम बुद्धिबळ खेळणार, तिकडून दुसरा. अशा प्रोग्रामला इंजिन म्हणतात. आणि त्या दोघांना समोरासमोर बसवायचं, घड्याळ लावायचं, कोण जिंकलं ते लिहून ठेवायचं, यासाठी तिसरंच एक सॉफ्टवेअर लागतं. भाऊजी त्याला अंपायर म्हणत. मला बुद्धिबळातलं घोडा अडीच घरं चालतो एवढंच कळतं. मी शाळेत गणित शिकवणारी बाई. पण या माणसाचा सहा-सात वर्षं त्या अंपायरात जीव कसा अडकला होता, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

भाऊजी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. त्यांच्या वडिलांनी भंडाऱ्याकडून येऊन तिथेच हमाली केली, आणि मुलगा त्याच गेटमधून शिक्का घेऊन आत गेला, याचा घरात मोठा मान. शिक्का म्हणजे खरोखरचा शिक्का. प्रत्येक इन्स्पेक्टरला स्वतःचा नंबर असतो, भाऊजींचा सतरा. माल पास झाला की त्यावर सतरा उमटणार, नापास झाला की लाल रंगाचा ठिपका आणि दोन प्रतींत कागद. एक प्रत माल देणाऱ्याला, एक ऑफिसला. माल तपासायचं लोखंडी माप असतं, त्याला गेज म्हणतात. वस्तू त्यात बसली तर पास, अडली तर रिजेक्ट. इतकं सोपं. पण भाऊजी म्हणायचे, सोपं काही नाही. गेजही घासते. रोज हजार वेळा लोखंडात लोखंड घातलं की माप केसभर सैल होतं आणि मग ते खराब मालालाही पास करतं. म्हणून त्यांचा मंत्र, "आधी गेज, मग माल." सकाळी आल्या आल्या ते गेज तपासत. एकदा गेजच घासलेली निघाली म्हणून त्यांनी आख्खी लाइन दोन तास बंद ठेवली होती. साहेब लोक लालपिवळे झाले, आणि शेवटी भाऊजीच खरे निघाले. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून किमान पंधरा वेळा ऐकली असेल.

घरीही तेच. शीलाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ताप आला तर थर्मामीटर आधी स्वतःच्या तोंडात. बरोबर दाखवलं की मग तिच्या. तोवर ती बिचारी कण्हत पडलेली. "मी मेल्यावर बी आधी आरसा तपासतील, मग माझ्या नाकाशी धरतील," असं ती मला म्हणायची.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं, तेही सांगून ठेवते, कारण पुढं सगळं त्याच्यावरच आलं. "ज्याचा माल रिजेक्ट होते ना वहिनी, तो पहिले गेजले नावं ठेवते." हे म्हणताना ते हसायचे. तीस वर्षं त्यांनी माल देणाऱ्यांची रडगाणी ऐकली होती, त्यामुळे हसायचा हक्क होता त्यांना.

एकच मुलगी, सुजाता. हुशार, कमी बोलणारी, बापाच्या वळणावर गेलेली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला तिनं स्वतः एक बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव मुंगी. "हळू चालते, पण घर गाठते," असं तिनं मला सांगितलं होतं. भाऊजी फॅक्टरीच्या क्लबात बुद्धिबळ खेळायचे, त्यामुळे बापलेकींचा वर्षभर तोच विषय. पोरगी वही घेऊन बसायची, बाप समोर पट मांडून. तेव्हा ते घर किती हसरं होतं! आमच्या स्वयंपाकघरात आवाज यायचे.

मुंगी तयार झाली तेव्हा भाऊजी म्हणाले, "चलो, तपासू." ओमतीच्या बाजारातून सुटे भाग आणून त्यांनी कॉम्प्युटर जुळवला होता. त्यावर एक भपकेदार अंपायर चढवला, इंटरनेटवरून एक फुकटचं इंजिन उतरवलं आणि चाळीस गेम लावले. ती वायर तेव्हाच पहिल्यांदा फरशीवर आली. दोन दिवस सगळे उड्या मारत चालत होतो.

चाळीसपैकी सदतीस मुंगी हरली. त्यातही बहुतेक वेळ संपला म्हणून. खेळ चांगला चालला असताना घड्याळ संपायचं.

त्या दिवशी मी खोव्याची जलेबी घेऊन गेले होते, निकालानंतर तोंड गोड करायला. माझ्यासमोर भाऊजींनी कपाटातून कोरे कागद काढले, मधे कार्बन घातला आणि लिहिलं. मुंगी. रिजेक्ट. कारण, वेळेत काम करत नाही. खाली सही, सहीखाली सतरा. वरची प्रत पोरीच्या हातात दिली.

मी म्हटलं, "अहो भाऊजी, पोरगी आहे ती, ठेकेदार नाही."

"तपासणीत पोरगी-बिरगी नसते, वहिनी."

सुजातानं कागद वाचला, चार घड्या केल्या, "ठीक आहे बाबा" म्हणाली आणि आत गेली. जलेबी तशीच राहिली. पुढच्या दोन महिन्यांत तिनं पुण्याला नोकरी धरली. मुंगीचं नाव पुन्हा काढलं नाही. फोन यायचा तो आईला. बापाशी बोलणं म्हणजे "हाव, बरी आहे. ठेवते." मला राग यायचा. तिचा नाही, यांचा.

वर्षभरानं एका दुपारी भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला. भाऊजी मला कधी असं बोलवत नसत. मला वाटलं शीलाताईंना काही झालं. धावत गेले तर भाऊजी कॉम्प्युटरसमोर उभे, कपाळावर घाम. त्या दिवशी "पाय जपून" म्हणाले नाहीत, तेव्हाच मी समजले की काहीतरी मोठं बिघडलंय.

"वहिनी, हे पहा. आता पाळी कोणाची? पांढऱ्याची ना? मग काळा काहून काम करून राहिला?"

मला काय कळणार! त्यांनी बसवून समजावलं. त्या अंपायरात एक टिक असते, आधीपासूनच लावलेली. समोरचा विचार करत असताना तुम्हीही विचार करत राहा, अशी परवानगी देणारी. फुकटच्या इंजिनाला ती सवय होती, मुंगीला सुजातानं ती शिकवलीच नव्हती. आणि कॉम्प्युटरात डोकं एकच. मुंगीची पाळी आली की निम्मं डोकं दुसरंच इंजिन खाऊन बसायचं, आणि घड्याळ मात्र मुंगीचं चालायचं.

"म्हणजे पोरगी पेपर लिहून राहिली," मी म्हटलं, "आणि शेजारचा मधून मधून तिच्या हातातला पेन ओढून घेतो. वर आपण म्हणायचं, पेपर वेळेत झाला नाही?"

"हाव," ते म्हणाले.  शीलाताई दारात येऊन उभी राहिली. तिला काही न सांगता सगळं कळलं असावं.

"मी गेजच नाही तपासली," भाऊजी म्हणाले. तीस वर्षांत एकदाही न चुकलेला माणूस. चुकला तो आपल्या घरात, आपल्या लेकीच्या मालावर.

मी म्हटलं, "लावा फोन. आत्ता लावा. पोरगी हसून सोडून देईल."

"असा कसा लावू? काय सांगू? निकाल चूक होता म्हणू, तर बरोबर काय ते सांगायला नको? आधी नीट टूर्नामेंट घेतो. पक्का निकाल हातात आला की सांगतो."

झालं! गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, असं माझ्या मनात आलं. कारण हा माणूस "पक्का" म्हणतो म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

तिथून अंपायरची निवड सुरू झाली. भाऊजींनी त्यांना ऑफिसातली नावं दिली होती. पहिला तो भपकेदार, त्याला 'साहेब' म्हणत. लाकडी पटाचं चित्र, सोंगट्यांची सावलीसुद्धा पडायची, चाल झाली की टक् आवाज. "दिसायले देखणा," भाऊजी म्हणायचे, "पण हरवलं काहून ते लिहून देत नाही." साहेबाला त्यांनी काढून टाकला. दुसरा 'मास्तर'. तो प्रत्येक चालीची नोंद ठेवायचा, कोणाला किती सेकंद लागले तेही. पण तीसेक गेम झाले की मास्तर डुलकी घ्यायचा. पडदा गोठून जायचा, घड्याळ मात्र चालू. भाऊजींनी त्याला चार महिने सांभाळून घेतलं. तिसरा 'बाबू'. याच्याकडे पटच नव्हता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, काय करायचं ते टाइप करून सांगायचं. ना सोंगट्या, ना आवाज. सांगितलं तेवढंच करणार आणि केलं ते सगळं लिहून ठेवणार.

अंपायर कसा तपासायचा? त्यांची युक्ती मला गणिताची बाई म्हणून फार आवडली. एकच इंजिन स्वतःशीच खेळवायचं. तेच इकडे, तेच तिकडे. शेकडो गेम झाले की हिशेब जवळजवळ बरोबरीत आला पाहिजे. नाही आला तर अंपायर कोणाला तरी झुकतं माप देतोय. आणि दोघांनाही सुरुवातीच्या चाली त्याच द्यायच्या, एकदा पांढऱ्यानं, एकदा काळ्यानं.

युक्ती चांगली, पण घराची दैना झाली. गेम चालू असताना मिक्सर नाही, व्होल्टेज हलतं. इस्त्री नाही. शीलाताई चटणी पाट्यावर वाटायची आणि वाटता वाटता नवऱ्याचा उद्धार करायची. मे महिन्यात कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे आणि माणसं पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेली. भाऊजी अंगणात उभे राहून ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकायचे. आवाज जरा बदलला की आत धाव. दुपारी बत्ती गेली की इन्व्हर्टरच्या लाल दिव्याकडे बघत बसायचे आणि हाताची बोटं मोडायचे, एकेक करून, दहाही. मग पुन्हा पहिल्यापासून.

एकदा शंभरातले ब्याण्णव झाले आणि इन्व्हर्टरनं मान टाकली. मी म्हटलं, "ब्याण्णव झालेत ना, पुष्कळ झाले. करा फोन."

"अर्धी तपासलेली पेटी पास करता येते काय?" म्हणाले, आणि सगळं पुसून पुन्हा एकपासून लावलं.

अशी वर्षं गेली. बाबू केव्हाच पास झाला होता. स्वतःशी खेळवलेलं इंजिन बरोबरीत येत होतं. वेळेचा घोटाळा नाही, टिक काढलेली, नोंदी चोख. पण भाऊजी मुंगीला काही त्याच्यासमोर बसवीनात. रोज नवीन शंका. उष्णतेनं फरक पडत असेल काय, व्होल्टेजनं पडत असेल काय. एक दिवस माझं डोकंच सणकलं.

"भाऊजी, खरं बोला. गेजचं नाव पुरे झालं. भीती कशाची वाटून राहिली तुम्हाला?"

ते खुर्चीत मागे टेकले. चष्मा काढला.

"दोन्हीकडून भीती आहे, वहिनी. मुंगी चांगली निघाली, तर मी पोरीचं नुकसान केलं. आणि वाईट निघाली, तर मले दुसऱ्यांदा रिजेक्ट लिहावं लागेल. एवढी हिंमत नाही माझ्यात."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण डोळे भरून आले. मी चहा टाकायला आत गेले.

मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरनं सांगितलं, नागपूरला नेऊन ऑपरेशन करा, लवकर करा. सुजाता पुण्याहून न्यायला येणार असं ठरलं. गुरुवारी सकाळी पोहोचणार, त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं बापाला घेऊन जाणार. हे ऐकलं आणि मंगळवारी सकाळी भाऊजींनी मुंगीला बाबूसमोर बसवलं. त्याच जुन्या इंजिनाविरुद्ध, शंभर गेम. आता शंका काढायला वेळच उरला नव्हता. दोन दिवस लागणार होते, म्हणजे गुरुवारपर्यंत पुरे व्हायला हवे होते.

झाले नाहीत. बुधवारी दोनदा लांब बत्ती गेली. भाऊजींनी इन्व्हर्टर वाचवायला घरातले पंखेसुद्धा बंद ठेवले आणि गेम मधेच रोखून धरून, मग पुढं नेले. डॉक्टरनं विश्रांती सांगितलेला माणूस खुर्चीवरून हलत नव्हता. शीलाताई रडकुंडीला आली. "जीवापेक्षा ती मुंगी मोठी झाली काय हो?"  भाऊजी बोटं मोडत राहिले.

गुरुवारी सकाळी रिक्षा थांबली तेव्हा त्र्याहत्तरावा गेम चालू होता. मी तिथंच होते, डबा बांधून देत. सुजाता दारातून आत आली. केसात पांढरं दिसायला लागलं होतं पोरीच्या. भाऊजींच्या तोंडून सवयीनं "पाय..." एवढंच निघालं. पण तिनं खाली न बघताच बरोबर त्या जागी पाऊल उचललं आणि वायर ओलांडली. इतक्या वर्षांनी! 

तिनं पडद्याकडे पाहिलं. काळ्यावर पांढरं. मुंगी, मुंगी, मुंगी, असं ओळीनं लिहिलेलं.

"बाबा, हे काय चालून राहिलं?"

भाऊजी उभे राहिले. सत्तावीस गेम बाकी होते. पक्का निकाल हातात नव्हता.

"सुजा," ते म्हणाले, "माझी गेज खराब होती. तेव्हा. मुंगीचं काही चुकलं नव्हतं. ती एक टिक..."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"ती टिक. मी पहिल्याच दिवशी पाहिली होती, बाबा."

भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले. "मग बोलली काहून नाहीस?"

 सुजाता अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काय बोलणार? तुम्हीच म्हणता ना, ज्याचा माल रिजेक्ट होते तो पहिले गेजले नावं ठेवते."

  मला त्या क्षणी दोघांनाही एकेक ठेवून द्यावीशी वाटली आणि दोघांनाही जवळ घ्यावंसं वाटलं.

भाऊजी कपाटाकडे गेले. खालच्या खणातून एक कागद काढला. कार्बनच्या निळ्या अक्षरातला, ऑफिसची प्रत. त्यांनी ती इतकी वर्षं फाइलला लावून ठेवली होती. टेबलावर ठेवून त्यावर आडवी रेघ मारली, बाजूला लिहिलं, निकाल रद्द, तपासणारा चुकला. सही केली. सतरा लिहिलं. मग पेन पोरीसमोर धरला.

"आता तू कर सही."

"मी काहून?"

"तपासणाऱ्याले आपला निकाल स्वतः रद्द करता येत नाही. वरच्याची सही लागते."

सुजातानं पेन घेतला. सही केली, पूर्ण नावाची, सुजाता रामटेके. मग कागदावर हात ठेवून ती रडली आणि भाऊजी तिच्या पाठीवर थापटत राहिले, "बस ना, बस ना," म्हणत. शीलाताईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

मग पोरगी डोळे पुसून पडद्याजवळ वाकली. वर-खाली करून नोंदी पाहिल्या. "वेळ संपून एकदाही हरली नाही, बाबा."

"एकदाही नाही," भाऊजी म्हणाले. "दोन गेमनं मागं आहे फक्त. अजून सत्तावीस बाकी आहेत."

नागपूरहून भाऊजी परत आले नाहीत. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी गेले. त्यामुळे त्या दुपारी ते घरातून निघाले, तेच माझ्यासाठी शेवटचं.

रिक्षा दारात होती. शीलाताई पिशव्या घेऊन पुढं गेली. भाऊजी मला दहा वेळा बजावून झाले होते. बत्ती गेली तर हे बटन, गेम संपले तर आकडा कागदावर लिहा, आणि वहिनी, पाय. मी हाव हाव म्हणत होते. सुजातानं त्यांचा हात धरला आणि काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. मुंगीबद्दलच असावं, कारण भाऊजी हसले आणि चालता चालता तिच्या तोंडाकडे बघायला लागले. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या पायाकडे पाहिलं, तो त्या दिवशी खाली बघायचं विसरला. वायरीत पाऊल अडकलं, प्लग खटकन निघाला, आणि कोपऱ्यातला पडदा काळा पडला.

 सुजाता थिजली. भाऊजींनी प्लगकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मी प्लग उचलायला खाली वाकले.

"राहू द्या वहिनी," ते म्हणाले, "गाडी चुकेल."

आणि पोरीचा हात धरून पायऱ्या उतरले.